तालुक्याच्या गावातून पुणे विद्यापीठाच्या आवारात: प्रवेशापासून पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू होते. गणेशखिंडीतील ४११ एकरांच्या या आवारात ज्या वास्तूत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम असे, तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातल्या एका गावातून मी अर्थशास्त्रात एम.ए. करण्यासाठी येथे आलो, तेव्हा त्या इमारतीसमोर बराच वेळ उभा राहिलो होतो. पाठीवर एक पिशवी होती, हातात भाकरीचे गाठोडे होते आणि पुढे कोणत्या खिडकीकडे जायचे याची काहीही कल्पना नव्हती. त्यानंतरच्या वर्षांत माझ्यासारख्याच अनेक मुलामुलींना पहिल्या सत्रात मदत करण्याची संधी मिळाली. अभ्यास झेपत नाही म्हणून परत गेलेले विद्यार्थी मला त्यांत फारसे आढळले नाहीत. एखादा दाखला वेळेत मिळाला नाही, शिष्यवृत्ती उशिरा आली, किंवा अडचण कोणाला सांगायची हेच ठाऊक नव्हते, म्हणून खचलेले मात्र पुष्कळ पाहिले. ज्यांच्या घरातून विद्यापीठात येणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विद्यापीठाच्या आवारातील विभागांत पदव्युत्तर प्रवेश घेणारा विद्यार्थी मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. संलग्न महाविद्यालयात जाणाऱ्यांना यातील बहुतेक गोष्टी लागू पडतील, पण सर्व नाही.

घर सोडण्यापूर्वी करावयाची कागदपत्रे

आवारातील बहुतेक विभागांचे प्रवेश विद्यापीठाच्या संगणकीय प्रवेश परीक्षेतून होतात. परीक्षा झाली की निकालापर्यंत जो मोकळा काळ मिळतो, तो पूर्णपणे कागदपत्रांसाठी द्यावा. गुणवत्ता यादीत नाव लागल्यानंतर प्रवेश निश्चित करण्यासाठी मोजके दिवस मिळतात आणि तेवढ्यात तहसील कार्यालयातून नवा दाखला निघेलच याची खात्री देता येत नाही.

सर्वांत आधी उत्पन्नाचा दाखला आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गातील असल्यास नॉन क्रिमी लेयर प्रमाणपत्र हातात घेऊन त्यांवरील मुदत वाचावी. ही मुदत साधारणपणे ३१ मार्चला संपते, त्यामुळे बारावीनंतर किंवा बी.ए.च्या पहिल्या वर्षी काढलेला दाखला अजून चालेल या समजुतीने आलेला विद्यार्थी ऐन प्रवेशाच्या दिवशी अडतो. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात पडताळणी समितीकडून मिळते आणि त्यासाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यासारखे जुने पुरावे लागतात. ते शोधण्यातच महिने जातात, म्हणून हे काम पदवीच्या शेवटच्या वर्षातच सुरू करावे. अधिवास प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि मध्ये एखादे वर्ष शिक्षण थांबले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र हेही सोबत असावे.

दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. परभणी, हिंगोली, लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर पुणे विद्यापीठाचे क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांचे आहे. त्यामुळे आमच्या भागातल्या विद्यार्थ्याला स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे मायग्रेशन म्हणतात, ते नांदेडहून आणावे लागते आणि येथे पात्रतेची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. प्रवेश मिळाला, वर्ग सुरू झाले आणि मायग्रेशन राहून गेले, असे वारंवार घडते. मग परीक्षेच्या अर्जाच्या वेळी विभागातून विचारणा होते आणि विद्यार्थ्याला अभ्यासाच्या ऐन दिवसांत नांदेड गाठावे लागते.

प्रत्येक कागदाच्या मूळ प्रतीसह चार झेरॉक्स काढून त्यांचे वेगवेगळे संच करावेत आणि सर्व मूळ कागद स्कॅन करून स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवावेत. मोबाइलमध्ये काढलेला तिरका फोटो संकेतस्थळावर चढतो खरा, पण छाननीत अस्पष्ट म्हणून परत येतो.

पहिला आठवडा: उतरायचे कोठे आणि राहायचे कोणाकडे

नाशिक, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्या एसटी गाड्यांचे शिवाजीनगर स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले, ही गोष्ट गावाकडे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. सातारा, कोल्हापूर, सांगली या बाजूच्या गाड्या स्वारगेटला येतात. रेल्वेने येणाऱ्याने पुणे स्थानकावर उतरून पीएमपीची बस धरावी. अनोळखी शहरात पहाटे उतरल्यावर लगेच रिक्षा करण्यापेक्षा उजाडेपर्यंत स्थानकावरच थांबणे शहाणपणाचे आहे. मुलींनी तर रात्री उशिरा पोहोचेल असा प्रवास पहिल्या खेपेला टाळावाच.

वसतिगृहाची यादी प्रवेश पूर्ण झाल्यानंतर काही दिवसांनी, काही वेळा काही आठवड्यांनी लागते. तोपर्यंत राहण्याची सोय आपली आपण करावी लागते आणि येथूनच आवारातला तो शब्द कानांवर पडू लागतो: पॅरासाइट. ज्याला वसतिगृहात खोली मिळालेली नाही आणि जो ओळखीच्या विद्यार्थ्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहतो, त्याला विद्यार्थी या नावाने ओळखतात. गावाकडच्या कितीतरी मुलांची सुरुवातीची पुण्यातली रात्र अशीच कोणाच्या तरी खोलीत गेली आहे आणि त्या मायेबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. तरीही स्पष्ट सांगतो की वसतिगृहाच्या नियमांत हे बसत नाही आणि तपासणी झाली तर आश्रय देणाऱ्याची खोली धोक्यात येते. म्हणून दोन-चार दिवसांसाठी पाहुणा म्हणून राहायचे असल्यास वसतिगृह कार्यालयात रीतसर परवानगीची सोय आहे का, हे आधी विचारावे आणि त्या दिवसांतच बाहेरची जागा शोधावी.

राहण्याची जागा निवडताना

विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. जागा गुणवत्ता आणि आरक्षणाच्या नियमांनुसार दिल्या जातात आणि मागणी जागांपेक्षा नेहमीच जास्त असते, म्हणून इतर दारेही त्याच आठवड्यात ठोठवावीत. सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत, आदिवासी विकास विभागाची वेगळी आहेत आणि १९५५ पासून ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाचे काम करणारी विद्यार्थी सहाय्यक समिती पुण्यातच आहे. प्रत्येकाच्या अटी आणि अर्जाच्या तारखा वेगळ्या असतात.

यांपैकी काहीच मिळाले नाही तर कॉट बेसिसचा पर्याय राहतो. एका खोलीत तीन किंवा चार खाटा, प्रत्येक खाटेचे वेगळे भाडे आणि कपाटाचा एखादा कप्पा, अशी ही पुण्याची जुनी पद्धत आहे. खडकी, औंध, गोखलेनगर, पाषाण आणि शिवाजीनगर हे भाग विद्यापीठाला जवळचे आहेत. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांमुळे कॉट आणि अभ्यासिका भरपूर मिळतात, पण तेथून रोज येण्याजाण्यात जाणारा वेळ आणि पासाचा खर्च भाड्यात मिळवूनच तुलना करावी. जागा पाहायला सकाळी जावे, कारण पाणी किती वेळ येते आणि एका न्हाणीघरामागे किती जण रांगेत असतात हे सकाळीच कळते. अनामत रकमेची पावती, जागा सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची आणि वीजबिल भाड्यात धरले आहे की वेगळे, या तीन गोष्टी कागदावर असाव्यात.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. पहिल्या सत्रात मी ज्या खोलीत राहिलो, तेथील मालकांनी अनामत रक्कम परत करताना रंगकामाच्या नावाखाली निम्म्याहून अधिक पैसे कापून घेतले आणि माझ्याकडे तोंडी शब्दाखेरीज काहीच पुरावा नव्हता. ते पैसे वडिलांनी सोयाबीन विकून दिलेले होते. त्या कापलेल्या रकमेचे दुःख मला आजही आठवते, आणि म्हणूनच मी भेटणाऱ्या प्रत्येकाला पावती मागायला सांगतो. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, आणि ती देण्यास जो नकार देतो त्याच्याकडे राहू नये.

पैशाचा हिशेब आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

या भागावर मी मुद्दाम जास्त लिहितो, कारण पहिल्या सत्रातील बहुतेक रात्रीची झोप याच प्रश्नाने उडते.

पहिला नियम असा की शिष्यवृत्ती पहिल्या सहा महिन्यांत हातात पडेल असे धरून नियोजन करू नये. अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरला जातो, मग तो शिक्षणसंस्थेच्या पातळीवर तपासला जातो, नंतर संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे जातो आणि त्यानंतर रक्कम खात्यात येते. या प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो आणि कागदात त्रुटी निघाली तर अर्ज मागे येतो. तो मागे आल्याचे विद्यार्थ्याने स्वतः पाहिले नाही तर तसाच पडून राहतो. म्हणून अर्ज भरल्यावर दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी लॉग-इन करून स्थिती पाहावी. मी सोमवार ठरवला होता.

बँक खाते आधारशी जोडलेले असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी तेच खाते नोंदलेले असणे, यांत फरक आहे. शासनाचे पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर न येता, आधारशी सर्वांत शेवटी ज्या बँकेचे खाते लाभासाठी जोडले गेले त्या खात्यात जमा होतात. एखाद्याने गावाकडे एका बँकेत खाते काढले, पुण्यात आल्यावर दुसऱ्या बँकेत काढले आणि मग पैसे आलेच नाहीत म्हणून तो हताश झाला, तर ते पैसे बहुधा गावाच्या खात्यात पडलेले असतात किंवा ते खाते बंद असल्यामुळे परत गेलेले असतात. बँकेत जाऊन लाभासाठी हेच खाते जोडा असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

आता योजनांविषयी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये असून त्यांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० असे भाग आहेत. महिन्याला हिशेब केला तर एकूण ५,००० रुपये आणि त्यांत जेवणाचे सुमारे २,६६७ रुपये येतात. पुण्यात तेवढ्यात निभावणे किती कठीण आहे हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, तरीही ही रक्कम शिक्षण चालू राहण्याचा आधार ठरते. याच धर्तीवर अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास, विमुक्त, भटक्या व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या प्रवर्गातील, ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे आणि ती अनेकांना माहीतच नसते. प्रत्येक योजनेचा चालू वर्षाचा शासन निर्णय स्वतः वाचावा, कारण अटी बदलतात आणि मित्राच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर अवलंबून राहणे महागात पडते.

शिष्यवृत्ती येईपर्यंतचा आधार म्हणून कमवा आणि शिका योजनेचा अर्ज सत्र सुरू होताच द्यावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत विद्यार्थी विभागात, ग्रंथालयात किंवा आवारातील बागकामात दिवसातील ठरावीक तास काम करतो आणि तासांप्रमाणे त्याला मानधन मिळते. शक्य असेल तर ग्रंथालयातील काम मागावे, कारण पुस्तके मांडता मांडता आपल्या विषयाची मांडणीच ओळखीची होते. मी तेथेच काम केले. संध्याकाळी कपाटे लावताना जी पुस्तके हाताखालून गेली, त्यांतील कितीतरी नंतर वाचायला घेतली. या कामाचा कमीपणा वाटून घेण्याचे काहीही कारण नाही. हजेरीपत्रकावर रोज सही करावी आणि महिन्याचे तास आपल्याही वहीत लिहून ठेवावेत.

अर्ज कसा द्यावा

कार्यालयातील प्रत्येक काम लेखी अर्जाने करावे, दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच खिडकीपासून हलावे. काही दिवसांनी चौकशीला जाताना नुसते “माझ्या कामाचे काय झाले” असे विचारण्याऐवजी, “मॅडम, माझा अमुक तारखेचा, अमुक आवक क्रमांकाचा अर्ज आहे. तो पुढे गेला आहे का, की काही त्रुटी निघाली आहे?” असे विचारावे. समोरच्या व्यक्तीला शोधायला सोपे जाते आणि उत्तर मिळते. शिपाईकाका आणि वसतिगृहातील मावशी यांच्याशी आपुलकीने आणि आदराने वागावे. कोणत्या टेबलावर कोणते काम होते हे त्यांच्याइतके अचूक कोणी सांगत नाही.

विभागातील पहिले पंधरा दिवस

पदव्युत्तर अभ्यासक्रम श्रेयांक पद्धतीने चालतो. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तासांचे अध्यापन, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला ६० तास. उपस्थितीची ७५ टक्क्यांची अट धरली तर त्यातील ४५ तास वर्गात असणे आवश्यक आहे आणि उरलेल्या १५ तासांतच आजारपण, गावाकडचे लग्न, शेतीची कामे आणि शिष्यवृत्तीसाठी घातलेले हेलपाटे बसवावे लागतात. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की सुट्टी घेताना हात आखडतो.

पदवीपर्यंत वर्षाच्या किंवा सत्राच्या शेवटी एकदाच अभ्यास करण्याची सवय लागलेली असते. आवारातील विभागांत अंतर्गत मूल्यमापनाचा वाटा मोठा असतो: चाचणी, गृहपाठ, चर्चासत्रातील सादरीकरण, एखादा छोटा प्रकल्प. पहिली चाचणी बहुधा महिन्या-दीड महिन्यातच येते, म्हणून प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना पहिल्या पंधरवड्यातच तीन गोष्टी विचाराव्यात. अंतर्गत गुण कशाकशाचे मिळून होणार आहेत, मुख्य वाचन कोणते आणि शिक्षक भेटीसाठी कोणत्या वेळी उपलब्ध असतात. अभ्यासक्रमाची छापील प्रत काढून वहीला चिकटवावी. ऐच्छिक विषय निवडताना मित्र जिकडे जातात तिकडे न जाता, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून तो विषय प्रत्यक्षात कसा शिकवला जातो हे जाणून घ्यावे.

इंग्रजीतील वाचन: सर्वांत अवघड घाट

मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याला आवारातील पहिला धक्का येथे बसतो. शिक्षक इंग्रजीतून बोलतात, मध्येच एखादा विनोद मराठीत करतात, वर्ग हसतो आणि आपल्याला ना व्याख्यान कळलेले असते ना विनोद. पहिल्या महिन्यात मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. इंग्रजी येत नव्हते हे एक कारण, आणि तोंडातून “का” ऐवजी आमच्याकडचे “काहून” गेले तर लोक हसतील ही भीती हे दुसरे. आज मला वाटते की दुसऱ्या कारणानेच माझे अधिक नुकसान केले. आपली बोली ही आपल्या आईची भाषा आहे. ती बोलणारा विद्यार्थी अर्थशास्त्र कमी समजतो असे मानणाऱ्याचे ऐकू नये, आणि असे मानणारे शिक्षक मला येथे भेटले नाहीत.

वाचनाची जी पद्धत मला आणि माझ्यानंतर आलेल्या काहींना उपयोगी पडली, ती क्रमाने सांगतो. प्रथम त्या प्रकरणाचा विषय मराठीतून समजून घ्यावा. बी.ए.चे क्रमिक पुस्तक, मराठी विश्वकोशातील नोंद किंवा एखादे चांगले मराठी पुस्तक, काहीही चालेल. डोक्यात सांगाडा तयार असला की इंग्रजी वाक्य त्यावर बसते. त्यानंतर इंग्रजी मजकुराची रोज फक्त तीन पाने घ्यावीत आणि पहिल्या वाचनात एकही शब्द कोशात पाहू नये. केवळ न कळलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, तीही पुस्तक स्वतःचे किंवा झेरॉक्स असेल तरच. दुसऱ्या वाचनात जे शब्द तीन पानांत दोनदा किंवा अधिक वेळा आले तेवढेच पाहावेत, कारण विषयाच्या परिभाषेचे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि एकदाच आलेला अलंकारिक शब्द सोडून दिला तरी अर्थाला बाध येत नाही. ते शब्द वेगळ्या वहीत मराठी अर्थासह लिहावेत. साधारण दीड महिन्यात माझ्या वहीत तीनशेच्या आसपास शब्द झाले आणि त्यानंतर नवे शब्द मिळण्याचा वेग एकदम कमी झाला, हे पाहून मला जो धीर आला तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

तिसरी पायरी लिहिण्याची. वाचलेल्या तीन पानांचा सारांश पुस्तक मिटून आधी मराठीत पाच वाक्यांत लिहावा आणि मग तीच पाच वाक्ये इंग्रजीत लिहावीत, चुका होऊ द्याव्यात. दर शनिवारी ही वही एखाद्या शिक्षकांना किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला दाखवावी. भाषांतराची मोबाइल अ‍ॅप्स अडलेल्या वाक्यासाठी वापरण्यास हरकत नाही, परंतु संपूर्ण प्रकरण त्यांत टाकून मराठीत वाचणाऱ्याला परीक्षेत इंग्रजी प्रश्नच नीट कळत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिण्याची मुभा आहे हे विषयानुसार बदलते, म्हणून ते विभागात लेखी स्वरूपात पाहून घ्यावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणिताचीही अशीच तयारी करावी. कला शाखेतून आलेल्याला विकलन पाहून घाम फुटतो, पण अकरावी-बारावीच्या गणिताच्या पुस्तकातील फलन, सीमा आणि विकलन ही प्रकरणे रोज एक तास सोडवली तर पहिल्या सत्रापुरते बळ येते.

चर्चासत्रातील पहिले सादरीकरण कागद वाचून करू नये. पाच मुद्दे लिहावेत आणि खोलीतील सोबत्यापुढे दोनदा बोलून पाहावे. वर्गात सादर करताना इंग्रजी अडखळले तर परवानगी घेऊन ते वाक्य मराठीत पूर्ण करावे.

ग्रंथालये आणि शहर

जयकर ज्ञानस्रोत केंद्र, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत नुसते जयकर, याचे ओळखपत्र पहिल्या आठवड्यातच काढावे आणि एक संपूर्ण दुपार फक्त कपाटे फिरून पाहण्यात घालवावी. आपल्या विषयाचा वर्गीकरण क्रमांक कोणत्या मजल्यावर आहे, नियतकालिके कोठे आहेत आणि विद्यापीठाने घेतलेली ऑनलाइन संशोधनपत्रे वसतिगृहातून कशी उघडतात, हे ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे.

पुण्याचे खरे वैभव मात्र आवाराबाहेरही आहे आणि गावातून आलेल्या विद्यार्थ्याने ते हक्काने वापरावे असे मला कळकळीने वाटते. अर्थशास्त्रासाठी गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, इतिहासासाठी १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, संस्कृत आणि प्राच्यविद्येसाठी १९१७ ची भांडारकर संस्था, भाषाशास्त्र आणि पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज. विभागप्रमुखांचे पत्र घेऊन गेले तर या ठिकाणी वाचण्याची परवानगी मिळवणे सोपे जाते. विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते आणि वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी ती सर्वांसाठी खुली होते. मी विज्ञानाचा विद्यार्थी नसूनही तेथील अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या पुतळ्यांजवळ बसलो आहे आणि आपणही या जगाचे आहोत असे तेव्हा पहिल्यांदा वाटले.

जेवण

मेसचे पैसे एकदम दोन-तीन महिन्यांचे भरू नयेत. आधी आठवडाभर रोखीने जेवून पाहावे आणि खाड्याचा नियम विचारावा, म्हणजे किती दिवस आधी कळवले तर न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होतात. आवारातील रिफेक्टरी आणि अनिकेत कॅन्टीन येथे पोटभर आणि आटोक्यात खाणे होते. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्याला रोजची पोळी काही दिवस बाधते. जमेल तेव्हा भाकरी मिळणारी खानावळ शोधावी, आणि सकाळचा नाश्ता चहा-बिस्किटांवर भागवू नये.

जड जाणारे दिवस आणि तक्रारीचे मार्ग

सप्टेंबरच्या सुमारास, गणपती संपले की, बहुतेकांना घराची तीव्र आठवण येते. चाचणीत कमी गुण पडलेले असतात, पैसे संपत आलेले असतात आणि फोनवर आईला सगळे ठीक आहे असे सांगताना आवाज दाटतो. असे होणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्या दिवशीच कोणाला तरी सांगावे: खोलीतील सोबती, शिक्षक, विद्यापीठाचे आरोग्य केंद्र. शासनाची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. शेजारच्या खोलीतील मुलगा चार दिवस वर्गात दिसला नाही तर त्याचे दार वाजवावे.

महाराष्ट्रात रॅगिंगला १९९९ च्या कायद्याने बंदी आहे आणि देशपातळीवरील रॅगिंगविरोधी मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ ही आहे. ओळख करून घेण्याच्या नावाखाली अपमान, जातीवरून टोमणे किंवा रात्री खोलीत बोलावणे हे सारे त्यात येते. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. लिहिणे जमत नसेल तर समितीने त्यासाठी साहाय्य करणे अपेक्षित आहे. संदेश, फोटो, तारखा आणि साक्षीदारांची नावे त्याच दिवशी नोंदवून ठेवावीत.

दिवाळी, परीक्षा आणि निकाल

दिवाळीला गावी जाण्याचे रेल्वे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरातच ती तारीख पाहून ठेवावी. गावाहून परतण्याची तारीख परीक्षेच्या अर्जाची मुदत पाहून ठरवावी. परीक्षेचा अर्ज भरताना नाव, आईचे नाव आणि विषयांचे संकेतांक अक्षर न् अक्षर तपासावेत. गुणपत्रिकेवरील आडनावातली चूक पुढे नोकरीच्या पडताळणीपर्यंत पाठ सोडत नाही. मागील सत्रांच्या प्रश्नपत्रिका जयकरमधून किंवा वरच्या वर्गातून मिळवून किमान दोन तरी घड्याळ लावून सोडवाव्यात. सत्रातील टिपणे जपून ठेवावीत, कारण महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी हेच विद्यापीठ घेत असलेल्या सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला आणि देशपातळीवरील नेटलाही ती कामी येतात.

निकाल लागला की गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटल्यास निराश होऊन बसण्यात दिवस घालवू नयेत, कारण उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठीची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते. आधी छायांकित प्रत मागवावी, ती त्या विषयाच्या शिक्षकांसमोर ठेवून पाहावी आणि त्यांच्या मते गुण वाढण्यास जागा असेल तरच पुढील शुल्क भरावे. एखादा विषय राहिला असेल तर तो पुन्हा केव्हा देता येईल हे त्याच आठवड्यात विभागात विचारावे, आणि त्याचा शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणावर काय परिणाम होतो याची लेखी माहिती घेऊन, नव्या गुणपत्रिकेच्या चार झेरॉक्स काढून त्या पहिल्या दिवशीच्या संचांत लावून ठेवाव्यात.